शाळेत न जाणारी दोन मुलं

मुंबईहून पुण्याकडे निघालेली जड गाडी कर्जतला थांबली की तिच्या मागच्या टोकाला जादा इंजिनं जोडतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना बँकर म्हणतात. पुढे बोरघाट आहे, आणि त्याचा चढ काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर इतका आहे. रस्त्यावरच्या गाडीला हा चढ किरकोळ वाटेल, पण लोखंडी रुळांवर धावणाऱ्या लोखंडी चाकांना तो फार होतो. पुढून ओढणाऱ्या इंजिनाला मागून रेटा लागतो. दहा वर्षांच्या मुलाला गुणोत्तर शिकवायचं असेल तर फळ्यापेक्षा हा फलाट बरा. १ला ३७, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर गाडी किती वर गेली? मूल वहीत भागाकार करतं. उत्तर येतं पावणेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास घराच्या एका मजल्याइतकं. मग पुढचे प्रश्न ते स्वतःच विचारू लागतं. उतरताना गाडी कशी आवरतात? हे बोगदे कुणी खणले?

इथून इतिहासाचा धडा सुरू होतो. घाटातला हा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच काळात वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडलं नाही, जाणकार अभियंते नेमून तिने काम पुढे नेलं. हजारो मजूर त्या डोंगरात राबले आणि पटकीसारख्या साथींत कितीतरी जण गेले. गणित, विज्ञान, इतिहास आणि मजुरांच्या कष्टांची जाण, एवढं सगळं एका सकाळी एका फलाटावर हाती लागतं.

घरीच शिकणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना कर्जत आणि खालापूर हे तालुके असं बरंच काही देऊ शकतात. घरशाळा ही कल्पना आता मराठी वाचकाला अगदी अनोळखी राहिलेली नाही. मुंबईच्या मालविका जोशीने सातवीनंतर शाळा सोडली. घरी राहून ती प्रोग्रॅमिंगमध्ये रमली, आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं. वर्तमानपत्रांनी तिची पदकं मोजली. अशा घरात सोमवारी सकाळी नऊ वाजता काय चालतं, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

ते पाहायचं तर कॅथलिक कुटुंबांची घरशाळा हे चांगलं उदाहरण आहे. कारण तिथे अभ्यास, घरकाम, प्रार्थना आणि सणवार यांचे वेगवेगळे कप्पे नसतात.

पहिला प्रश्न साहजिक आहे. महाराष्ट्रात कॉन्व्हेंट शाळांचं एवढं नाव असताना कॅथलिक आईबाप मुलांना घरी का शिकवतील? उत्तर चर्चच्या शिकवणुकीतच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावर एक घोषणापत्र काढलं. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. १९८३च्या चर्च-कायद्यानेही आईवडिलांचं हे कर्तव्य आणि हा अधिकार नोंदवला. शाळा त्यांना मदत करते, त्यांची जागा घेत नाही. त्याच घोषणापत्रात कॅथलिक शाळांचं महत्त्वही ठासून मांडलं आहे, त्यामुळे बहुसंख्य कॅथलिक कुटुंबं मुलांना शाळेतच घालतात. थोडी कुटुंबं मात्र आईवडिलांच्या त्या पहिल्या जबाबदारीचा शब्दशः अर्थ घेतात. अमेरिकेत ही चळवळ मोठी आहे. व्हर्जिनियातली सीटन होम स्टडी स्कूलसारखी संस्था घरी शिकणाऱ्या कॅथलिक मुलांना पुस्तकं, चाचण्या आणि प्रगतिपत्रक पुरवते. आपल्याकडची घरं बहुधा विखुरलेली असतात, आणि त्यांना आपला अभ्यासक्रम स्वतःच जुळवावा लागतो.

या कुटुंबांत फ्रान्समधल्या मार्टिन दांपत्याचं नाव आदराने घेतात. लुई घड्याळजी. झेली आलांसों गावात लेसचा धंदा चालवायची, कामाला बायका ठेवायची, गिऱ्हाइकांची पत्रं सांभाळायची. नऊ मुलं झाली, त्यातल्या पाच मुली जगल्या. १८७७ मध्ये झेली गेली तेव्हा धाकटी तेरेज साडेचार वर्षांची होती. त्यानंतर साडेआठ वर्षांची होईपर्यंत तेरेजला घरी शिकवलं ते मुख्यतः थोरली बहीण पोलीन हिने. पुढे हीच तेरेज लिझ्यूची संत तेरेजा झाली, आणि १९९७ मध्ये चर्चने तिला धर्मपंडिताचा मान दिला. आईबापांनाही १८ ऑक्टोबर २०१५ रोजी जोडीने संतपद मिळालं. घरशाळा चालवणाऱ्या आईला या गोष्टीतला चमत्कार फारसा मोठा वाटत नाही. तिला दिसतं ते धंद्याचा हिशेब, आजारपण, पाच मुली आणि धाकटीला शिकवणारी थोरली.

थोरल्याने धाकट्याला शिकवणं हा अशा घराचा कणाच असतो. एकाच टेबलाभोवती बारा वर्षांचा अपूर्णांकांशी झटत असतो, आठ वर्षांची शुद्धलेखन लिहीत असते, पाच वर्षांचा बाराखडी गिरवत असतो आणि सगळ्यांत धाकटं आईच्या कडेवर असतं. आई एका वेळी एकाकडेच पाहू शकते. म्हणून इतिहास, गोष्टी, बायबलवाचन, चित्रकला असे सगळ्यांनी मिळून करायचे विषय सकाळी एकत्र होतात. गणित आणि भाषा मात्र ज्याच्या त्याच्या पायरीने चालतात. आठ वर्षांची मुलगी पाच वर्षांच्या भावाला पाढे म्हणून दाखवते तेव्हा तिचे स्वतःचे पाढे पक्के होतात.

नवी कुटुंबं सुरुवातीला एक ठरावीक गोष्ट करतात. घरात फळा लावतात, घंटा ठरवतात, पस्तीस मिनिटांचे तास पाडतात. काही आठवड्यांत आई दमते आणि मुलं कंटाळतात. चाळीस मुलांची हजेरी, शिस्त आणि वह्या तपासणं यांत शाळेचा जो वेळ जातो, तो घरी लागतच नाही हे मग कळतं. प्राथमिक वयाच्या मुलाला पुस्तकी अभ्यासासाठी रोजचे दोन-तीन तास पुरतात, असा अनेक पालकांचा अनुभव आहे. बाकीचा दिवस कामाचा, खेळाचा आणि वाचनाचा. भांडी घासणं, तांदूळ निवडणं, कोंबड्यांना दाणे टाकणं, बाजाराची यादी करून पैशांचा हिशेब ठेवणं हे सगळं वेळापत्रकात लिहिलेलं असतं, कारण त्याशिवाय घर चालत नाही.

प्रार्थना दिवसाला आकार देते. उठल्यावर एक, जेवणाआधी एक, दुपारी बाराला देवदूताच्या निरोपाची. संध्याकाळी दिवे लागले की सगळं घर गुडघे टेकून जपमाळ म्हणतं. माळेच्या पाच दशकांपैकी एकेक दशक एकेका मुलाच्या वाट्याला येतं. वाचता न येणारं मूलही आपलं दशक तोंडपाठ म्हणतं. पाठांतराची सवय लागते ती इथेच. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना. चर्च जवळ नसलेल्या वाडी-वस्तीवरच्या घराला त्यासाठी पहाटे उठून रिक्षा किंवा लोकल गाठावी लागते, आणि अर्धा दिवस त्यातच जातो.

वर्षाला आकार देतं चर्चचं पंचांग. नाताळाआधीच्या आगमनकाळात चार रविवारी चार मेणबत्त्या लागतात, राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो. वेदीवरच्या वस्त्रांचे रंग बदलतात आणि लहान मुलं ऋतूंसारखे ते ओळखू लागतात. संतांचे सण म्हणजे तर भूगोलाची गुरुकिल्लीच. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया व्यापारासाठी पूर्वेला गेले, फिलिपिन्समध्ये फ्रान्सिस्कन पंथात शिरले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. त्यांच्या सणाच्या दिवशी नकाशा पसरायचा, वसईवर बोट ठेवायचं आणि मनिलामार्गे जपान गाठायचं. वाटेत पोर्तुगीज आरमार, मसाल्यांचा व्यापार, जपानी सत्ताधाऱ्यांचा परक्यांबद्दलचा संशय, सगळं भेटतं.

भाषेचा प्रश्न मात्र विचार करायला लावतो. कॅथलिक घरशाळेची तयार पुस्तकं बहुतेक अमेरिकेत छापलेली आणि इंग्रजीत असतात. त्यातली झाडं मेपलची आणि थंडी बर्फाची. मराठीत शिकवायचं तर साहित्य कमी नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्याची मराठी मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याजोगी आहे. ही परंपराही जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ गोव्याकडच्या ख्रिस्ती समाजात पिढ्यान्‌पिढ्या गाऊन ऐकवला गेला. अक्षर न ओळखणाऱ्यांनाही तो कानांनी पाठ झाला.

उरलेला अभ्यासक्रम कर्जत-खालापूरची माती देते. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेला इथे कोंडलं. पुस्तकात ते एका परिच्छेदात उरकतं. खिंडीत उभं राहिलं की दोन्ही बाजूंचे डोंगर, दाट झाडी आणि अरुंद वाट पाहून मुलाला आपोआप कळतं की इथे मोठी फौज असणं ही ताकद नव्हे, अडचण आहे. खोपोलीत १९१५ पासून टाटांचं वीजघर चालू आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाट उतरून नळांतून खाली येतं, जनित्रं फिरवतं आणि मग पाताळगंगेत सोडलं जातं. नदीला उन्हाळ्यातही पाणी का, याचं उत्तर त्या नळांत आहे.

आणि भात. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेली ‘कर्जत’ नावाची वाणं कोकणभर लावली जातात. पावसाआधी राब भाजणं, रोप टाकणं, चिखलणी, मुठी बांधणं, लावणी ही सगळी कामं मूल शेजारच्या शेतावर हाताने शिकतं. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र विकसित केलं. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफ्यांवर बी टोकायचं आणि पीक कापल्यावर मुळं जमिनीतच ठेवायची. पहिल्या शेतात लावणीची मूठ हाती घ्यायची, दुसऱ्यात बी टोकायचं, दोन्हीकडचे फुटवे मोजायचे, माती हातात घेऊन चुरून पाहायची. विज्ञानाचा प्रयोग म्हणतात तो हाच. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन कॅथलिक समाजात ऑक्टोबरमध्ये आगेरा हा सुगीचा सण असतो. नवं भात वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. ज्या मुलाने जूनमध्ये चिखलात पाय घातले आहेत, त्याला त्या ओंबीची किंमत सांगावी लागत नाही.

हे सगळं वाचायला सुखद आहे. त्याचा भार बहुतेक आईवर पडतो, हेही तितकंच स्पष्टपणे सांगायला हवं. घरात एक पगार कमी होतो. तिला ताप आला की शाळा बंद आणि चूलही बंद. दहावीच्या बीजगणितापाशी आईबापांची मजल संपली तर शिकवणी शोधावी लागते. नातेवाइकांचा ‘मुलं चारचौघांत मिसळणार कशी?’ हा प्रश्नही फेटाळून लावण्यासारखा नाही. त्याला उत्तर म्हणजे गावातली कबड्डी, चर्चमधला धर्मशिक्षणाचा वर्ग, गायनवृंद आणि इतर घरशाळांशी गाठीभेटी. स्वशिक्षण नावाची घरशाळावाल्यांची अखिल भारतीय संघटना अशा भेटी घडवते. ज्या घराने हे केलं नाही त्या घरात मूल एकटं पडतं.

घरी शिकणं महाराष्ट्राला परकं नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आई लक्ष्मीबाईंनी, पहाटे, घरातली कामं सुरू होण्याआधी. स्त्रीने संस्कृत शिकावं हे समाजाला मान्य नव्हतं, म्हणून वडील अनंतशास्त्री डोंगरे बिऱ्हाड घेऊन रानात राहायला गेले होते. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि त्यांनी मुलींसाठी शारदा सदन काढलं. जिने स्वतः शाळा पाहिली नाही, तिने इतरांसाठी शाळाच उभी केली.

कायद्याचं काय? बालकांचा शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं त्याचं दहावं कलम सांगतं. ते न पाळणाऱ्या पालकाला मात्र कायद्यात शिक्षा नाही. घरशाळेचा उल्लेखच नाही, परवानगीही नाही आणि बंदीही नाही. दिल्लीच्या श्रेया सहाय या घरी शिकणाऱ्या मुलीने हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात नेला होता. जगातही एकमत नाही. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत घरशाळा कायदेशीर आहे, जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे. आपल्याकडची कुटुंबं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा आधार घेतात. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावीची परीक्षा देता येते, मराठी माध्यमातूनही. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही खाजगी विद्यार्थ्यांसाठी आहे, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि शाळेतच न गेलेल्या मुलाचं घोडं तिथे अडतं.

मग सरकारने घरशाळेला सरळ मान्यता का देऊ नये? घरशाळेच्या बाजूने बोलणाऱ्या कित्येकांना हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर याच दोन तालुक्यांत, दिवाळीनंतर ओस पडणाऱ्या वाड्यांमध्ये मिळतं.

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावर ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. खैराच्या झाडापासून कात काढणं हा त्यांचा जुना धंदा. जंगल हातातून गेलं आणि मजुरी उरली. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घेतली जाते, आणि ती फेडायला दिवाळीनंतर अख्खं कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातं. मजुरी हजार विटांवर ठरते. म्हणून आठ वर्षांची मुलगीही कामाला लागते. ओल्या विटा उन्हात मांडल्या की एक बाजू वाळल्यावर त्या उलटाव्या लागतात. हलक्या पावलांनी, कडा न मोडता विटा पलटायला लहान हात सोयीचे पडतात. मधल्या वेळी ती धाकट्या भावाला सांभाळते. दुसरं सत्र सगळं भट्टीवर जातं. पाऊस तोंडावर आला की कुटुंब वाडीवर परततं, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा ती वर्गात इतरांच्या मागे पडलेली असते.

तीही मुलगी शाळेत जात नाही. आईबापांसोबत असते, कामातून शिकते, भावंडांना सांभाळते. शब्द तेच, आयुष्य वेगळं. कॅथलिक घरातल्या मुलीच्या मागे शिकलेली आई, पुस्तकांचं कपाट आणि हवं तेव्हा शाळेत परतायची वाट आहे. भट्टीवरच्या मुलीच्या मागे फक्त उचल आहे. शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं कायदा ठणकावून सांगतो तो तिच्यासाठी. ‘आम्ही घरीच शिकवतो’ ही सबब कायद्याने डोळे झाकून मान्य केली, तर तिचा पहिला फायदा भट्टीमालक उठवेल.

शाळेची वाट इथल्या माणसांनी आधीही पाडली आहे. माथेरानचे वकील भाई कोटवाल २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी कर्जत तालुक्यात गावोगावी ऐच्छिक शाळा आणि शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या. सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय ते कुळांना वाचता यावं, हा त्या शाळांमागचा हेतू होता. नव्वदच्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरच भोंगा शाळा भरवल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांपाशी गेली.

या दोन्ही मुलींना न्याय देणारा कायदा अशक्य नाही. घरी शिकवणाऱ्या पालकांनी जवळच्या शाळेत नोंद करावी आणि ठरावीक टप्प्यांवर मुलाची पायरी तपासू द्यावी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुक्त विद्यालयाच्या तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष अशा ए, बी, सी स्तरांचा उल्लेख आहेच, ते टप्पे यासाठी वापरता येतील. कष्टाने आणि श्रद्धेने शिकवणाऱ्या आईला अशा तपासणीची भीती नसते, उलट तिच्या मुलाला दाखला मिळतो. भट्टीवरच्या मुलीसाठी चौथं कलम आधीपासून आहे. वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण हा तिचा हक्क आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणि हंगामी वसतिगृहं या सोयीही राज्यात आहेत.

त्या वेळेवर मिळायला हव्यात, आणि इथे वेळ म्हणजे दिवाळीच्या आधी. उचल घेऊन कुटुंबं निघाली की वसतिगृहाची मंजुरी कागदावरच राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, भात पोटरीत असताना, वाडीवाडीवर जाऊन आईबाप भट्टीवर गेले तरी कोणती मुलं गावातच राहू शकतात याची यादी ग्रामपंचायत आणि शाळेने मिळून केली, तर ती मुलं दुसऱ्या सत्रात वर्गात बसलेली असतील. ज्या घरांनी आपल्या मुलांसाठी रोज टेबल मांडलं आहे, त्यांना तीन मुलांना अपूर्णांक शिकवता येतात तसे पाच मुलांनाही शिकवता येतात. वाडीवरच्या दोन मुलांना त्या टेबलाशी बसवायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.